कबड्डीचे सामने आणि गुरांचा बाजार



खेडोपाडी फिरताना एक तक्रार अजून कानी येते. "पोरगं कॉलेजच्या संघात कबड्डी खेळत होतं. २०२० साली सामनेच झाले नाहीत. तरण्याताठ्या पोरांना कोरोनाने काय होणार होतं?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर तुमच्याच गोठ्यात आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यातली पहिली बाधित जनावरे आपल्या रावेर तालुक्यात, चिनावलला आढळली. पुढे सप्टेंबरात गुरांचे बाजार व शर्यती बंद ठेवल्या. तुमचा बैल धडधाकट होता, तरी तो दावणीलाच राहिला. काळजी त्या एका बैलाची नव्हतीच. दहा गावची जनावरे एका जागी जमून पुन्हा दहा गोठ्यांत परतणार, ही होती.

संघाचेही तसेच. लम्पी पसरवायला माश्या, डास, गोचीड तरी लागतात. कोरोनाला नुसता श्वास पुरतो. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याला चौघे-पाच जण मिठीत आवळतात. शिवाय एकाच गाडीतून प्रवास, एकाच खोलीत सगळ्यांच्या पथाऱ्या. लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून लागण देता येते, आणि कित्येकांना लक्षणे दिसतच नाहीत. असा पोरगा ढाल घेऊन घरी येतो आणि आजीच्या पंगतीला बसतो. त्या मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर राज्यभर चिंतेचा विषय होता, हे विसरू नका.

प्रो कबड्डीही २०२० मध्ये झाली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला झाली, ती खेळाडूंना हॉटेलात वेगळे ठेवून, प्रेक्षकांवाचून. अमेरिकेत काही बड्या विद्यापीठांनी ऑगस्ट २०२० मध्ये फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि महिन्याभराने रोज तपासणीची सोय करून तो घ्यायचे ठरवले. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांना हा खर्च कुठून झेपणार?

तरीही मुलाचे वर्ष गेले ते गेलेच. कापूस बुडाला तर पंचनामा होतो, पुढच्या मृगात पुन्हा लावता येतो. शेवटच्या वर्षाचा खेळाडू मात्र कॉलेजातून बाहेर पडतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. असा मुलगा घरात असेल, तर त्याची आधीच्या वर्षांची प्रमाणपत्रे घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि त्यांतले कोणते चालते, ते विचारून घ्या.