मूठ गरम, फ्यूज गायब

मंडळी, शीर्षक वाचून लाचलुचपतीवर काही असेल असं वाटलं असेल तर सॉरी. मूठ म्हणजे बाईकच्या हँडलची मूठ, अर्थात ग्रिप. ती विजेवर गरम होते. हीटेड ग्रिप्स म्हणतात त्यांना. आणि भांडण त्या ग्रिप्सशी नाहीच. भांडण आहे ते त्या बसवण्याच्या आपल्या अस्सल देशी पद्धतीशी.

दोन-तीन लाखांची ॲडव्हेंचर बाईक घेणारा, चार-पाच हजारांच्या ग्रिप्स मागवणारा माणूस शेवटच्या दोनशे रुपयांच्या वायरिंगला येऊन कंजूस का होतो? फ्यूज, रिले आणि बरी वायर, एवढंच तर लागतं. पण नाही. "हेडलाइटच्या वायरीला जोडून देतो साहेब, दहा मिनिटांचं काम." आणि साहेब खूश.

आता आधी एक नेहमीचा आक्षेप निकालात काढू. "मराठवाड्यात कसली आलीय थंडी? ग्रिप्स गरम करायला तुम्ही काय सायबेरियात राहता?" हा प्रश्न विचारणाऱ्याने जानेवारीत पहाटे पाच वाजता लासूर स्टेशनला येऊन दाखवावं. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर असतो. इकडे येवला, वैजापूर, लासूरच्या पट्ट्यात तीच हवा असते, फक्त बातमी नसते. पहाटे दहा अंशांच्या खाली जाणं इथे नवल नाही. त्यात तुम्ही चालत नसता, बाईकवर असता. २००१ पासून अमेरिका-कॅनडात वाऱ्याच्या गारव्याचं जे सूत्र वापरतात, त्यात हवा दहा अंश आणि वेग ताशी ८० कि.मी. टाकून बघा. उत्तर येतं चार अंशांच्या आसपास. म्हणजे उघड्या कातडीला फ्रिजच्या आतलं हवामान, तेही पंखा लावून.

शरीराचं गणित सरळ आहे. थंडी वाढली की ते छाती-पोट गरम ठेवायला बोटांचं रक्त कमी करतं. बोटं बधिर होतात. आणि बाईकवर बोटांचं काम काय? उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या हाताला क्लच. ताशी ८० ला बाईक सेकंदाला २२ मीटर जाते. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ११ मीटर गेले. उसाची ट्रॉली मागच्या दिव्यांशिवाय पुढे उभी असेल, तर हे ११ मीटर म्हणजे सगळं काही. तेव्हा हे चोचले नाहीत. ब्रेक लागला पाहिजे, तशी ब्रेक दाबणारी बोटंही चालली पाहिजेत, इतकं साधं आहे.

दुसरा आक्षेप मर्दानगीचा. "आमचे आजोबा सायकलवर जायचे, त्यांना नाही लागल्या गरम मुठी." आजोबांची सायकल ताशी ८० ने जात नव्हती हो. आणि स्टेशनवर दूध घेऊन येणाऱ्या गवळ्यांना विचारा. हातात पायमोजे चढवलेले असतात, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, शर्टाच्या आत पेपर. त्यांना कोणी मर्दानगी शिकवायला गेलेलं नाही. थंडी सोसायची नसते, अडवायची असते, हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा आधी कळलंय.

असो. आता मुद्द्यावर येतो.

माझा एक मित्र, पुण्यातलाच, माझ्याच लाइनमधला. त्याने बाईक 'लडाख रेडी' करून घेतली. शहरातल्या एका चकाचक दुकानात, जिथे कॉफी देतात आणि भिंतीवर जगाचा नकाशा असतो. फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर, हीटेड ग्रिप्स, सगळं एका दिवसात. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं रात्री नगरकडून माझ्या गावी येत होतो. कायगाव टोक्याचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि त्याच्या बाईकचे सगळे दिवे एकदम गेले. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर, सगळं. मागून ट्रक, पुढे अंधार, आणि हा रस्त्याच्या मधोमध काळ्या बाईकवर काळं जॅकेट घालून. कडेला कसा आला ते त्याचं त्यालाच माहीत. नशीब.

सकाळी स्टेशनवरच्या चाचांकडे बाईक नेली. चाचा ट्रॅक्टर, जीप, दुचाकी सगळ्यांचं वायरिंग करतात. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, कॉफी वगैरे नाही. त्यांनी टाकी उचलली, सीट काढली, टेस्ट लॅम्प लावला आणि पाच मिनिटांत बाहेर काढलं ते असं: कंपनीची हेडलाइटची वायर ब्लेडने सोललेली, तिच्यावर तीन वायरी नुसत्या पीळ देऊन गुंडाळलेल्या, वर काळी टेप. टेप वितळून चिकट झालेली. आणि कळस म्हणजे आधी कधीतरी फ्यूज उडाला होता म्हणून त्या जागी तांब्याची तार वळून बसवलेली.

चाचा मित्राला म्हणाले, "भाऊ, फ्यूज उडतो तेव्हा तो सांगत असतो की आत काहीतरी चुकलंय. तुमच्या माणसाने सांगणाऱ्याचंच तोंड बांधलं."

मी वीस मिनिटांत जे सांगितलं असतं ते चाचांनी दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या भाषेत बोलायचं तर सिस्टिम एरर देतेय म्हणून एरर लॉगिंगच बंद करून टाकलं. ऑफिसात असं करणाऱ्याला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. आणि स्वतः ज्यावर बसून ८० ने जातो, त्या मशिनला मात्र रिव्ह्यू नाही!

आता हे नीट कसं करायचं ते सांगतो, कारण नुसतं ओरडणं सोपं असतं.

१. आधी हिशेब. ग्रिप्सची जोडी साधारण ४० ते ५० वॅट खाते. १२ व्होल्टला ४८ वॅट म्हणजे ४ अँपिअर. बाईकची वीज बनते स्टेटरमध्ये, आणि ती अमर्याद नसते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहतो. तो हॅलोजन असेल तर ५५ वॅट तिथेच गेले. त्यात फ्युएल पंप, ईसीयू, इंडिकेटर. उरलेल्यात ग्रिप्स, फॉग लॅम्प आणि चार्जर सगळं एकदम बसेलच असं नाही. साध्या व्होल्टमीटरने बघा: इंजिन चालू, आरपीएम तीन-चार हजार, सगळा लोड चालू. बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर ठीक. १२.८ च्या खाली गेलं तर तुम्ही बॅटरी खाताय, आणि ती सकाळी सूड उगवेल.

२. वीज थेट बॅटरीवरून घ्यायची, हेडलाइटच्या वायरीवरून नाही. त्या वायरीची जाडी कंपनीने हेडलाइटपुरती ठेवलेली असते. तुमच्या ४ अँपिअरसाठी नाही.

३. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. ४ अँपिअरला साडेसातचा पुरे. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. फ्यूज ग्रिप्सना वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासून चासीला टेकली तर तिला अडवणारं कोणी नाही. छोट्याशा बॅटरीतून क्षणभर शंभर अँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो. स्टार्टर मोटर त्यावरच फिरते. तेवढा करंट बारीक वायरीतून गेला तर ती लाल होते, आणि वर पेट्रोलची टाकी आहे हे विसरू नका.

४. मग रिले. त्याच्या पायांवर नंबर असतात आणि ते जगभर सारखे असतात. ३० वर फ्यूजमधून आलेला प्लस, ८७ वरून ग्रिप्सच्या कंट्रोलरला, ८५ ला अर्थ, आणि ८६ ला चावी फिरवल्यावर चालू होणारी कुठलीही वायर, उदाहरणार्थ टेललाइटची. रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत खाते, त्यामुळे कंपनीच्या वायरीला त्रास नाही. फायदा काय? चावी बंद केली की ग्रिप्स बंद. नाहीतर ९ अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरने दोन-सव्वादोन तासांत झोपते. तुम्ही ढाब्यावर शेवभाजी खाताय आणि बाहेर ग्रिप्स हवेला ऊब देतायत.

५. जोड पीळ देऊन नाही. क्रिंप किंवा सोल्डर, वर श्रिंक स्लीव्ह. ते निळे-लाल चिमट्याचे जोड घरी ठीक असतील, पण बाईक थरथरते आणि पावसात भिजते. आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात आणि उरलेले हिरवे पडतात.

६. सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्याचा विजेशी संबंधच नाही. उजवी मूठ फिरते. तिच्या वायरीला पुरेसा झोल ठेवा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि दोन्हीकडे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. तो टक्कन मागे आलाच पाहिजे. वायर अडकून अ‍ॅक्सिलरेटर उघडा राहिला तर थंडीची चिंता उरणार नाही. तसंच मूठ चिकटवायला दिलेला गोंद पूर्ण वाळू द्या. भर वळणावर हातात फिरणारी मूठ कोणाला नकोय.

बास. एवढंच आहे. चाचांनी मित्राचं सगळं काढून हेच केलं. अर्धा दिवस लागला. पैसे घेतले त्या चकाचक दुकानाच्या पावपट. वर कागदावर पेनने वायरिंगची आकृती काढून सीटखाली ठेवली. डॉक्युमेंटेशन! आपल्यातले किती जण करतात?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे. "काही लावूच नका, वॉरंटी जाईल." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य इतक्या सहज फेकतात की जणू ते संविधानात लिहिलंय. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून तिथे वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. आपल्याकडे इतका थेट कायदा नाही. पण २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल अडीच हजार कोटींच्या वर दंड सुनावला होता. प्रकरण अपिलात गेलं, पण मुद्दा सरकारदरबारी पोचला. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टलही काढलं. तेव्हा काउंटरवर एकच म्हणा: लेखी द्या. कुठल्या कलमाखाली, कुठल्या पार्टची वॉरंटी जाईल. आवाज खाली येतो की नाही बघा :)

कोणी कायद्याची भीती घालेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचे, कंपनीने मूळ ठरवलेले तपशील बदलणाऱ्या फेरफाराला मनाई करतं. आरसीवर मुठीचं तापमान लिहिलेलं नसतं. विम्यात मात्र विजेवरच्या ॲक्सेसरीजचा वेगळा रकाना असतो, तो भरा. नंतर रडण्यापेक्षा बरं.

आणि शेवटी कंपन्या. हिमालयन २०१६ ला आली, एक्सपल्स २०१९ ला, ३९० ॲडव्हेंचर २०२० ला. ॲडव्हेंचर हा शब्द मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आला, ह्याचा मला आनंदच आहे. पण ॲडव्हेंचर म्हणजे ग्राहक दिवे लावणार, चार्जर लावणार, ग्रिप्स लावणार, हे जाहिरात बनवणाऱ्याला माहीत असतं. मग प्रत्येक ॲडव्हेंचर बाईकवर हेडलाइटमागे एक फ्यूजवाला, चावीवर चालणारा, दोन पिनांचा कनेक्टर सक्तीने का नसावा? त्यावर किती अँपिअर घेता येतील ते मॅन्युअलमध्ये ठळक का नसावं? वाळूज इथून तासाभरावर आहे. बजाजचा कारखाना तिथे १९८५ पासून आहे, त्याभोवती पार्ट बनवणाऱ्यांची अख्खी वसाहत उभी राहिली. हे बनवणारे हात आपल्याच जिल्ह्यात आहेत. तो कनेक्टर काही रॉकेट सायन्स नाही आणि महागही नाही. तो नसतो, कारण कोणी मागत नाही. आपण टाकीवरचे स्टिकर मागतो.

जुगाडाचं कौतुक आता पुरे. पैसे नसताना, रस्त्यात अडकल्यावर, घरी पोचण्यापुरता केला तो जुगाड. त्याला माझा सलाम. तीन लाखांच्या बाईकवर, शहरातल्या एसी दुकानात, बिल देऊन केला तो जुगाड नव्हे. तो निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि त्याचे पैसे आपण मोजतोय.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "दहा मिनिटांचं काम" म्हणाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. फ्यूज कुठे? रिले कुठे? आकृती कुठे? तिन्हींची उत्तरं आली तर बसा आणि कॉफी प्या. नाही आली तर चावी उचला आणि निघा. आणि ज्यांच्याकडे ग्रिप्सचे पैसे नाहीत, त्यांनी हँडलला रेक्झिनची कव्हरं बांधा. वारा अडवणं हे पहिलं काम, ऊब देणं दुसरं. त्याला तर फ्यूजही लागत नाही.