बारावी विचारू नका

दिवाळी अंकांचे वाचक कोण, हे जाणून घ्यायचे असेल तर तालुक्याच्या वाचनालयात नोव्हेंबरात तासभर बसावे. पहिल्या आठवड्यातच चार-चार अंक घेऊन जाणाऱ्यांत प्राध्यापक असतात, निवृत्त मामलेदार असतात, पण त्यांच्याइतकेच कॉलेजची पायरी न चढलेलेही असतात. कुणाची जुनी अकरावी इंग्रजीत गेली, कुणाची शाळा नववीनंतर वडिलांच्या आजारपणात सुटली, कुणाचे सोळाव्या वर्षी लग्न झाले. कथा, लेख, राशिभविष्य, सगळे ते वाचतात आणि चुका काढून पत्रेही पाठवतात. अर्जातल्या 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात मात्र 'नववी' लिहिताना त्यांचा हात जड होतो. यंदाच्या अंकाचा एक विभाग उशिरा शिकणाऱ्यांसाठी राखला आहे, तो या वाचकांकडे पाहून.

पदवीच्या वर्गात बसायचे तर बारावी पाहिजे, हे आपल्याला आता निसर्गनियमासारखे वाटते. पण तो नियम तसा अलीकडचा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि दोन वर्षांनी त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. ती परीक्षा विद्यापीठ स्वतः घेत असे. आपल्याकडे येणारा मुलगा आपला अभ्यास पेलू शकेल का, हे विद्यापीठच पाहत असे. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली, तरी कॉलेजातले पहिले वर्ष पुढेही बराच काळ 'प्री-डिग्री'चे होते. म्हणजे पदवीपूर्व तयारी कॉलेजच्याच छपराखाली होई. १९७५च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आला आणि तो दुवा तुटला. धोंडो केशव कर्व्यांनी तर १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा मॅट्रिकवर अडून न बसता स्वतःची प्रवेश परीक्षा ठेवली आणि मातृभाषेतून शिकवायला घेतले. इतरांच्या दाखल्यावर विसंबले असते, तर त्यांच्या वर्गात बसायला बायका आल्या असत्या कुठून?

दाखला नसलेल्यांसाठी मग उरला बाहेरून दहावी-बारावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म. तो वाईट नाही. हजारोंना त्याने तारले आहे. पण अडतिसाव्या वर्षी, दोन पाळ्यांची नोकरी करून, शाळकरी मुलाचाच पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा उगाळायचा, त्यातले बीजगणित ज्याला पुढे कधी लागणार नाही त्यानेही, हे मला नेहमीच अडाणीपणाचे वाटत आले आहे. इतिहासात बी.ए. करू पाहणाऱ्या माणसाची कसोटी त्याला इतिहास वाचता येतो का आणि वाचलेले मांडता येते का, ही असायला हवी.

हा विचार आपल्याकडे १९८०च्या दशकात धोरणात उतरला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५चे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चे, आणि त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. दोन्हीकडे बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम आला. 'इग्नू'चा घ्या: वय अठरा पूर्ण, आधीचा कुठलाही दाखला नाही विचारायचा, सामान्य गणित, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य यांतले दोन विषय, किमान सहा महिने अभ्यास आणि परीक्षा. ती झाली की बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळे. हा शिक्षणक्रम बारावीशी समकक्ष नाही, हे विद्यापीठाने स्वतःच स्पष्ट सांगितले. मला तो प्रामाणिकपणा आवडतो.

आता तक्रार. ही परीक्षा वस्तुनिष्ठ, म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायची. आणि लगेच पुढच्या वर्षी बी.ए.चा पेपर म्हणतो, 'सविस्तर उत्तरे लिहा'. तयारी एका प्रकारची आणि परीक्षा दुसऱ्याच प्रकारची. या अंकाच्या निमित्ताने एका अभ्यासकेंद्राच्या रविवारच्या संपर्क सत्राला बसलो होतो. शाळेचेच बाक, त्यामुळे निम्म्यांचे गुडघे बाहेर. एस.टी.चे एक कंडक्टर, दहावीवर नोकरीला लागलेले, पहिला स्वाध्याय घेऊन आले होते. दुष्काळाच्या कारणांवर प्रश्न होता. त्यांनी पाच कारणे लिहिली होती, एक ते पाच आकडे घालून, प्रत्येक अर्ध्या ओळीचे. पाचही बरोबर.

"काका, उत्तर बरोबर आहे, पण यातलं एकेक वाढवा ना," त्यांच्या मुलाच्या वयाचे मास्तर म्हणाले.

"वाढवू म्हणजे काय करू, सर? सांगायचं ते सांगून झालं."

मास्तरांनी मग पुस्तक बाजूला ठेवले आणि त्यांच्याच गावच्या पाण्याबद्दल विचारले. टँकर कधीपासून येतो, विहिरी कुणाच्या, ऊस किती. काका दहा मिनिटे बोलले. शेजारी बसलेल्या अंगणवाडी मदतनीस बाईंनी दोनदा त्यांची चूक दुरुस्त केली. "हे लिहा," मास्तर म्हणाले. "हे पण चालतं?" असे काकांनी विचारले, तेव्हा त्या खोलीत हसू पिकले. पूर्वतयारी म्हणतात ती मला तिथे दिसली, छापील पुस्तकात ती नव्हती. आपल्याला ठाऊक असलेले उत्तरपत्रिकेत चालते, हे माणसाला कुणीतरी समोर बसून सांगावे लागते. म्हणून संपर्क सत्रे कागदोपत्री उरकणाऱ्या केंद्रांचा राग येतो. पुस्तकांचा गठ्ठा हातात देऊन 'परीक्षेला भेटू' म्हणणे म्हणजे दार उघडून आतला दिवा मालवणे.

या वाटेला 'मागचे दार' म्हणणारे पुष्कळ आहेत. आत येताना सूट मिळते, बाहेर पडताना नाही, हे ते सोयीस्कर विसरतात. पदवीचे पेपर सगळ्यांना सारखेच. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा आधीचे शिक्षण विचारले नव्हते, आणि तिथल्या पदवीला आज कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडे मात्र पदवी हातात पडल्यावरही मागचे उकरले जाते. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार, बारावीशिवाय थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला वकिलीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. पदवी खरी, गुण खरे, पण मधला जिना चढला नाहीत, सबब परत जा. ऑनलाइन अर्जांची तऱ्हा तर विचारूच नका. बारावीचे वर्ष आणि टक्के भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नाही. पदवीधर माणूस तिथे अडून बसतो आणि सायबर कॅफेतला पोरगा त्याला सांगतो, "काका, काहीतरी टाका, नाहीतर फॉर्म जाणार नाही."

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मध्येच शिक्षण सोडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय आहे. चांगले आहे. पण ती सोय मुख्यतः एकदा आत आलेल्यांची. उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या चाळिशीच्या बाईला तिचा काय उपयोग? तिच्यासाठी करायचे ते साधे आहे. पूर्वतयारीत लिहायला शिकवा, खुणा करायला नको. शिकवणाऱ्याला रविवारचे मानधन वेळेवर द्या. आणि पदवी मिळाल्यावर अर्जातला बारावीचा रकाना ऐच्छिक करा. या शेवटच्या कामाला तर पैसाही लागत नाही, एका परिपत्रकाचे काम.

अंक नेहमीप्रमाणे कथा-कवितांनी भरलेला आहे. उशिरा शिकणाऱ्यांचा विभाग शेवटी आहे, तो चुकवू नका. ज्यांचे पेपर डिसेंबरात आहेत त्यांनी अंक बाजूला ठेवला तरी आमचा राग नाही.