मधल्या रस्त्यावरचा बाप

माझ्या मुलीने तिच्या मोबाईलमध्ये माझा नंबर 'सेंट्रिस्ट डॅड' या नावाने सेव्ह केला आहे. मला हे कळलं तेही अपघातानेच. मी सोसायटीच्या गेटवरून तिला फोन केला, तो धाकट्याने उचलला आणि उचलण्याआधी दिसलेलं नाव हसत हसत मला वाचून दाखवलं. अर्थ तिलाच विचारावा लागला.

ब्रिटनमध्ये हा शब्द २०१७ च्या सुमारास चलनात आला. मजूर पक्षाचे नेते तेव्हा जेरेमी कॉर्बिन होते आणि तरुण मुलं मोठ्या संख्येने त्यांच्यामागे गेली होती. घरोघरचे बाप, एकेकाळी टोनी ब्लेअर यांना मत दिलेले, 'टोकाला जाऊ नये, व्यवहार बघावा' असं त्यांना समजावत होते. पोरांनी त्यांचं हे बारसं केलं. (कॉर्बिन स्वतः तेव्हा ६८ वर्षांचे होते, ही गंमत वेगळीच.) त्या जूनच्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४० टक्के मतं मिळाली, हुजूर पक्षाचं बहुमत गेलं, पण सरकार त्यांचंच राहिलं. त्यामुळे बाप आणि पोरं दोघंही आपलंच खरं म्हणायला मोकळे.

मला हे नाव का मिळालं, ते मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

१७ मार्च २०२५ ला नागपुरात महाल भागात दंगल झाली. औरंगजेबाच्या कबरीचा वाद, त्यावरून झालेलं आंदोलन, अफवा, मग दगड आणि जाळपोळ. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू लागला. आम्ही राहतो त्या बेसाचा त्यात समावेश नव्हता. आमच्याकडे दूध आणि पेपर वेळेवर येत होते. मोमिनपुऱ्यात माझी आई आणि मोठे भाऊ मात्र रमजानच्या ऐन महिन्यात घरात कोंडलेले. मी दिवसातून चारदा फोन करायचो आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, बरं झालं आपण बेसाला फ्लॅट घेतला. या विचाराची लाज मला नंतर वाटली.

२४ मार्चला महापालिकेने एका आरोपीचं घर पाडलं. केवळ कोणी आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही, आधी नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ लाच सांगितलेलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, पण तोवर त्या घराचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझी मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने स्टेटसला दोनच ओळी टाकल्या, एक निकालाबद्दल आणि एक त्या घराबद्दल. कोणाला शिवी नाही, कसली घोषणा नाही. मी म्हटलं, "काढून टाक."

"यात चुकीचं काय आहे, अब्बू?"

"चुकीचं काही नाही. तरी काढ."

तिने काढलं. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर बुलडोझरचा व्हिडिओ आला, खाली टाळ्यांच्या ओळी. मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकणारे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा नमस्कारही मीच आधी केला.

एवढंच असतं तर 'बाप घाबरला' म्हणून सोडून देता आलं असतं. पण कर्फ्यू उठल्यावर मी मोमिनपुऱ्यात गेलो. तरावीहनंतर चहाला माणसं जमली होती. आपल्या पोरांनी काही केलंच नाही, सगळं त्यांच्यावर ढकललंय, असं चाललं होतं. त्या रात्री तीसहून अधिक पोलीस जखमी झाले होते. निरपराध पोरंही उचलली गेली असतील, पण दगड आपोआप उडत नाहीत. तिथेही मी मान डोलावली, चहा संपवला आणि निघालो. दोन्हीकडे गप्प बसायचं, आणि या गप्प बसण्यालाच मी इतकी वर्षं मध्यममार्ग म्हणत आलो होतो.

ब्रिटनमधल्या बापाची निदान टिंगल होते. मुसलमान बापाला मधली जागा मुळात मिळतच नाही, ती रोज सिद्ध करावी लागते. लंडनचे महापौर सादिक खान दोन मुलींचे वडील, एका बसचालकाचे चिरंजीव, पक्के मध्यममार्गी. २०१६ मध्ये विरोधकांच्या प्रचारात त्यांना जहाल ठरवलं गेलं. २०२४ मध्ये एका खासदाराने इस्लामवाद्यांनी त्यांच्यावर ताबा मिळवल्याचं विधान केलं. त्या खासदाराला हुजूर पक्षाने निलंबित केलं खरं, पण संशय घ्यायचा तो घेऊन झाला होता. आमच्याकडे त्याची भाषा गोड असते. "तुमच्यासारखे सगळे असते तर!" हे वाक्य मी ऑफिसात, लग्नांत, बँकेच्या रांगेतसुद्धा ऐकलं आहे आणि दर वेळी हसून घेतलं आहे. माझ्या आईसकट सगळ्यांना वगळून मला ही शाबासकी मिळते, हे मुलीने दाखवून दिलं तेव्हा लक्षात आलं.

हमीद दलवाई वारले, ३ मे १९७७ ला, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. तेही दोन मुलींचे बाप. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला, तोंडी तलाकाविरुद्ध. मुस्लीम जमातवादावर ते बोलले, हिंदू जमातवादावरही बोलले, आणि ज्याच्यावर बोलले त्याच्या तोंडावर बोलले. त्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही. पण त्यांच्या घरातही मुली मोठ्या होत होत्या, धमक्या त्यांनाही येत होत्या. मी आज ५१ चा आहे. मुलांची काळजी हे माझं कारण आहे, असं मी आता तितक्या ठामपणे म्हणू शकत नाही.

यंदा १७ मार्चला तोच बुलडोझरचा व्हिडिओ ग्रुपवर पुन्हा फिरला. मी अर्धा तास मोबाईल हातात घेऊन बसलो. मग लिहिलं की ज्यांनी दगड मारले त्यांना शिक्षा व्हायलाच हवी, ती कोर्टाने द्यायची असते, आणि या पाडकामाबद्दल महापालिका आयुक्तांनी उच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागितलेली आहे. एका बाईंनी अंगठा दाखवला. एका गृहस्थांनी लिहिलं, "ग्रुपवर राजकारण नको." व्हिडिओला असं कोणी म्हटलं नव्हतं. नंतर चर्चा पाण्याच्या टँकरकडे वळली. भावालाही मी त्या रात्रीच्या दगडांबद्दल फोनवर बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तू आता पक्का बेसावाला झालास." ईदला मात्र शीरखुर्म्याचा डबा नेहमीसारखाच आला.

ग्रुपवरचा मजकूर मी मुलीलाही पाठवला होता. रात्री तिचं उत्तर आलं: 'उच्च न्यायालयाने स्थगिती दिल्याची तारीख राहिली, ती घाला.'