न दाखवलेला धोका

आंद्रेई तार्कोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’चा विषय निघाला की कुणीतरी चेर्नोबिलचं नाव काढतंच. चित्रपट १९७९चा, अणुभट्टीतला स्फोट १९८६चा. माणसांनी सोडलेला, पहारा बसवलेला ओसाड मुलूख दोन्हीकडे आहे, आणि पुढे त्या खऱ्या निषिद्ध क्षेत्रात चोरून शिरणारेही स्वतःला स्टॉकर म्हणवू लागले. दिग्दर्शकाला द्रष्टा ठरवण्याचा मोह होणारच. कुणाला चित्रपटातल्या त्या मुलखात, ‘झोन’मध्ये, गुलागच्या श्रमछावण्या दिसतात, कुणाला श्रद्धा. झोन कशाचंही प्रतीक नाही, असं तार्कोव्हस्की स्वतः सांगत राहिला, तरी उकल करणारे थांबले नाहीत. या उकली खोट्या आहेत असं नाही, पण त्या फार घाईने केलेल्या असतात. झोनमधला धोका चित्रपटाने दाखवलेलाच नाही, ही त्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट त्या घाईत निसटते.

स्त्रुगात्स्की बंधूंच्या मूळ कादंबरीत परग्रहवासीयांनी मागे टाकलेल्या वस्तू आहेत, जीवघेणे सापळे आहेत, माणसं मरतात, अपंग होतात. पटकथाही त्याच दोघांची, पण पडद्यावर उरतं ते उंच गवत, गंजलेले रणगाडे आणि साचलेलं पाणी. वाटाड्या, म्हणजेच स्टॉकर, धातूच्या नटाला कापडाची पट्टी बांधून तो पुढे भिरकावतो आणि मगच सोबतच्या दोघांना, एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला, पाऊल टाकू देतो. वैतागलेला लेखक सरळ चालू लागतो, तेव्हा त्याला थांबवणारा आवाज येतो. तो कुणाचा, हे कळत नाही. लेखकाने घाबरून स्वतःलाच हुकूम दिला, असं प्राध्यापकाचं म्हणणं. झोनमधल्या, अंतरीची इच्छा पुरवणाऱ्या ‘खोली’त भावासाठी गेलेल्या साळिंदर नावाच्या जुन्या वाटाड्याला दौलत मिळाली आणि त्याने गळफास घेतला, हेही आपण फक्त ऐकतो. त्या खोलीच्या उंबरठ्यावरून तिघेही मागे फिरतात. चेर्नोबिलचा किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नसला तरी यंत्राने मोजता येत होता. इथे पुरावा आहे तो एका माणसाच्या शब्दाचा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ही सारी कंटाळ्याची वकिली झाली. असा युक्तिवाद कुठल्याही रटाळ चित्रपटासाठी करता येईल. आक्षेपात दम आहे. एकशे साठ मिनिटांहून लांब चित्रपटात जेमतेम एकशे चाळीसेक शॉट आहेत, आणि लेखकाची काही भाषणं मलाही जड वाटतात. पण रुळांवरच्या ट्रॉलीचा प्रसंग घ्या. कितीतरी वेळ पडद्यावर केवळ प्रवाशांची डोकी, आणि चाकांच्या खडखडाटात हळूहळू मिसळत जाणारे संगीतकार आर्तेम्येव्हचे इलेक्ट्रॉनिक सूर. काही घडेल म्हणून डोळे ताणून बसलेला प्रेक्षक कान देऊ लागतो, इथे काही दडलंय का याचा शोध घेतो. लेखक आणि प्राध्यापक यांचीही नेमकी हीच अवस्था आहे. भराभर कापलेल्या दृश्यांनी धोका खरा तरी ठरवला असता, नाहीतर खोटा. वाटाड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच उरला नसता.

मग शेवटी स्टॉकरची मुलगी नुसत्या नजरेने टेबलावरचे पेले सरकवते, त्याचं काय? चमत्कार तर उघड दाखवला! दाखवला खरा, पण झोनमध्ये नव्हे, घरात. पेल्यांपाठोपाठ आगगाडीची धडधड वाढत जाते, आणि आरंभी अशीच गाडी जाताना पलंगापाशी ठेवलेला पेला सरकलेला आपण पाहिलेला असतो. म्हणून काही प्रेक्षक गाडीच्या हादऱ्यावर बोट ठेवून सुटका करून घेतात. लोकांचा कशावर विश्वासच उरला नाही म्हणून हताश झालेला बाप त्या वेळी अंथरुणावर पडला आहे. हे बघायला तो नाही, लेखक-प्राध्यापकही नाहीत, त्यामुळे साक्ष द्यायची पाळी प्रेक्षकावर येते.