लष्करी हिरवा रंग कुणाचा?

नगरच्या माणसाला लष्करी गाडी नवी नाही. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथं, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीईही इथंच. त्यामुळे लष्करानं लिलावात काढलेला शक्तिमान ट्रक किंवा जोंगा कुणी विकत घेतला, की आपल्याकडे लगेच चर्चा सुरू होते, रंग बदलायचा की तोच ठेवायचा?

बहुतेकांचा सल्ला असतो, 'राहू दे, रुबाब आहे.' माझं मत उलट आहे. रंग बदललाच पाहिजे.

पहिलं कारण सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय इतर गाड्यांना ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. या नियमामागे शहाणपण आहे. नाक्यावरचा हवालदार, रेल्वे फाटकावरचा माणूस आणि रस्त्यावरचा गावकरी प्रत्येक गाडीची कागदपत्रं बघत नाही. तो रंग बघून वाट देतो. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला करणारे गृहमंत्रालयाचं खोटं स्टिकर लावलेल्या मोटारीतून आत शिरले होते. गाडीवरच्या खुणेवर लोक किती विसंबतात, ते तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं.

काही हौशी मंडळी म्हणतात, मूळ रंग हा इतिहास आहे, तो पुसू नये. इतिहास जपावा, पण जपण्याची जागा असते. आपल्याच शहरात १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. तिथं रणगाडा आपल्या रंगात उभा असतो आणि शेजारी त्याची माहिती लिहिलेली असते. कुणाची फसवणूक होत नाही. ऊस किंवा पाणी वाहणाऱ्या ट्रकपुढे अशी पाटी नसते.

आता थोडं आपल्या समाजाबद्दल. आपल्यातल्या काही तरुणांना वाटतं, गाडी लष्करी रंगाची असली की कुणी आपल्या देशप्रेमावर शंका घेणार नाही. ही भावना कुठून येते, ते मला कळतं. शंका घेणारे आहेतच, आणि दोष आधी त्यांचा आहे. पण शंकेला रंगाच्या डब्यानं उत्तर देता येत नाही. दर्जीकाम करणाऱ्या घरातले हवालदार अब्दुल हमीद १९६५ मध्ये खेमकरण भागात जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडत राहिले आणि १० सप्टेंबरला शहीद झाले. परमवीर चक्र त्यांच्या कामाला मिळालं. ते काम न करता त्यांच्या जीपचा रंग घेणं म्हणजे न कमावलेली वर्दी अंगावर चढवणं. हे हिंदू-मुसलमान दोघांनाही लागू आहे.

शेवटचं सांगणं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या पोरांना. या धंद्यात आपली मुलं पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, 'तू मार रंग, पुढचं मी बघतो.' उद्या गाडी अडवली गेली की 'रंग कुणी मारला?' हा प्रश्न गॅरेजपर्यंत येतो, आणि तेव्हा ते गिऱ्हाईक फोन उचलेलच असं नाही. म्हणून लष्करी गाडी आली तर आधी लिलावाचे कागद मागा. जुना रंग आणि गंज नीट घासून काढा, प्रायमर द्या, लष्करी नंबर आणि बाणाची खूण पूर्ण झाकली गेली का ते पाहा. नोंदणी पुस्तकात लिहिला जाईल तोच रंग मारा. 'थोडा वेगळा हिरवा' असली पळवाट काढू नका.

एका कामाचे पैसे बुडाले तरी चालतील. पोलीस ठाण्यात आपल्या पोरावर बसलेला संशय मात्र प्रायमरखाली झाकता येत नाही.