उसातले बछडे, घराबाहेरची मुले

दिवाळी सरली की आळेफाट्याच्या चौकात उसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, आणि आसपासच्या शिवारात तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. फड पुढे सरकत असताना कधी पाचटात बिबट्याचे बछडे सापडतात, डोळेही नीट न उघडलेले. तोडणी थांबते. वनविभागाला फोन जातो, पशुवैद्यक येतात. बछडे तपासले जातात, नर की मादी, वय किती याची नोंद होते. अंधार पडायच्या सुमारास त्यांना क्रेटमध्ये घालून जिथे सापडले तिथेच ठेवतात. कॅमेरे लावून माणसे लांब जाऊन बसतात. रात्री केव्हातरी मादी येते, क्रेट आडवे करते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न होतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र हा शेवटचा उपाय.

बिबट्याचे नाव काढले की जुन्नर-आंबेगावात काळजात धस्स होते. त्याने इथल्या घरांतली लेकरे उचलून नेली आहेत आणि ते दुःख अजून ओले आहे. तरीसुद्धा या भागाने एक रीत पाळली आहे: पिल्लू आधी आईकडे. माणसाच्या लेकरांसाठी हीच रीत देशाने कायद्यात लिहून ठेवली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातले तिसरे कलम सांगते की, मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशी करून झाल्यावरचा शेवटचा मार्ग. प्रत्यक्षात मात्र आई किंवा बाप गेला, घरात खायची भ्रांत पडली की गावातली शहाणी माणसे पहिला सल्ला देतात तो ‘पोराला बोर्डिंगात टाका’ हाच.

म्हणूनच बालगृहातली सगळी मुले अनाथ नसतात. पुष्कळांची आई किंवा वडील हयात असतात, गावात आजी असते, मामा असतो. नसतो तो मुलावर दरमहा खर्चायला पैसा.

मुलाचे घर हरवण्याचे सर्वांत भीषण रूप आंबेगाव तालुक्याने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. शिकायला बाहेरगावी असलेली काही मुले वाचली, पण परतायला त्यांच्यामागे घरच उरले नाही. नवे माळीण पुढे आमडे येथे वसले, २०१७ मध्ये लोक तिथे राहायला गेले. पण घरे बांधून देता येतात तसे घरपण बांधून देता येत नाही. वसतिगृहात निजायला जागा आणि ताटात जेवण मिळते, तरी दिवाळीच्या सुट्टीत बाकीची मुले पिशव्या भरू लागली की अशा मुलाने कोणाच्या दारात जायचे, याचे उत्तर कोणी तरी आधीच ठरवून ठेवायला हवे.

महाराष्ट्राकडे त्यासाठी साधन आहे. बालसंगोपन योजनेत मूल नातेवाइकांच्या किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या घरी राहते आणि सरकार दरमहा पैसे देते. ही रक्कम आधी ४२५ रुपये होती, मग ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० रुपये आहे. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, आणि ते शोभणारेही आहे. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका विधवेचे मूल, यशवंत, त्यांनी दत्तक घेऊन स्वतःच्या घरात वाढवले, शिकवून डॉक्टर केले.

करोनाने या योजनेची गरज उघडी पाडली. शेजारच्या अकोले तालुक्यातले हेरंब कुलकर्णी आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. नवरा गेलेल्या बायकांना त्यांच्या मुलांसाठी अशी काही मदत मिळते हे सांगितले, अर्ज भरून घेतले. तोवर कितीतरी जणींनी योजनेचे नावही ऐकलेले नव्हते.

नाव कळले म्हणून पैसे हातात पडत नाहीत. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार, पासबुक अशी सगळी जुळवाजुळव करायची आणि मुलाला घेऊन जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे उभे राहायचे. समिती पुण्यात. आळेफाट्याहून पुणे ९० किलोमीटरच्या घरात, आणि मढ-माळशेजच्या बाजूच्या वाडीतल्या आजीला आळेफाट्याला पोचायलाच सकाळची पहिली एसटी गाठावी लागते. नारायणगाव, मंचर, खेड, चाकण करत ती पोचते. एखादा कागद कमी निघाला तर तोच प्रवास पुन्हा, आणि दर खेपेला रोज बुडतो. मंजुरी मिळाल्यावरही हप्ते थकतात, मग वर्षातून एकदाच एकरकमी येतात. तोवर मूल दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर वाढते.

नातेवाइकांपैकी कोणीच नसेल तर प्रतिपालकत्वाची वाट आहे. परके कुटुंब मुलाला काही काळ सांभाळते, पण ते दत्तक नसते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली त्यासाठी दरमहा ४००० रुपये मिळतात. २०२४ च्या केंद्राच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वर्षांच्या एकट्या व्यक्तीलाही हा मार्ग खुला केला, आणि प्रतिपालक कुटुंबाला मूल दत्तक घेता येण्याची मुदत पाच वर्षांवरून दोनवर आणली. गावात मात्र पहिले प्रश्न वेगळेच येतात: मूल कोणाचे, कोणत्या जातीचे, पुढे जमिनीत वाटा मागेल का? प्रतिपालनातून वारसाहक्क निर्माण होत नाही, एवढी साधी गोष्ट ग्रामसभेत कोणी उभे राहून सांगितली तरी निम्मी भीती जाईल.

कुटुंब का हवे, याचा पुरावा रोमानियाने फार मोठी किंमत मोजून दिला. २००० नंतर बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास झाला. निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबे दिली, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था तशीच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणे, माणसांशी जुळणारे नाते सारेच सरस ठरले, आणि जी मुले लवकर गेली त्यांना फायदा अधिक झाला.

यात संस्थांची निंदा नाही. सिंधुताई सपकाळांनी सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन उभे केले नसते तर कित्येक मुली रस्त्यावर राहिल्या असत्या. घरही आपोआप सुरक्षित होत नाही. सातबाऱ्यावर डोळा ठेवून भाच्या-पुतण्याला जवळ करणारे नातेवाईक असतात, आणि शाळा सोडवून मुलीला धुण्याभांड्याला जुंपणारेही. म्हणून पैशाबरोबर घरी जाणारा माणूस हवा. मुलाला बाजूला घेऊन ‘जेवतोस का, शाळेत जातोस का, कोणी मारतं का’ असे विचारणारा.

तो माणूस गावात आहे. गाव बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असणे अपेक्षित आहे आणि तिच्यात सरपंच आहेत, अंगणवाडीसेविका आहेत. कोणत्या घरात मूल उघडे पडले हे सेविकेला तालुक्याच्या आधी कळते. तिने कळवावे, ग्रामपंचायतीने कागद जमवावेत आणि बालकल्याण समितीने महिन्यातून एक दिवस जुन्नर-आंबेगावसाठी आळेफाटा किंवा मंचरला बसावे. कायद्याने समितीने महिन्यात किमान २० दिवस बसायचेच असते. त्यातला एक दिवस इकडे आला तर शंभर आज्यांची पुण्याची खेप वाचेल. आणि बालसंगोपनाचे २२५० रुपये निदान मिशन वात्सल्यच्या ४००० इतके व्हावेत. दोन्हीकडच्या लेकरांची भूक सारखीच आहे.

विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या फडांत बीडकडून, नगरकडून येणाऱ्या जोडप्यांची मुलेही याच हिशेबात धरायला हवीत. कुणी कोपीत झोळीत असते, कुणी सहा महिने गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. पाचटात बछडे दिसल्यावर कोयता थांबवते ती यांच्यातलीच एखादी आई. तिची स्वतःची मुलगी तेव्हा दोनशे किलोमीटरवर असते, आणि संध्याकाळी फोनला रेंज मिळेपर्यंत ती जेवली की नाही हे तिला कळत नाही.