जाळतो तो कचरा नव्हे, जमिनीचा घास

रोहिण्या निघायच्या आधी संध्याकाळच्या वेळी नांदेडहून लातूरकडे निघालात, तर लोहा, अहमदपूर, चाकूरच्या शिवारांत ठिकठिकाणी धुराच्या रेघा दिसतात. पेरणीआधी रान साफ करण्याचे काम चालू असते. धसकटे, तुरीच्या काड्या, पालापाचोळा वेचून ढीग करायचे आणि पेटवून द्यायचे, ही नेहमीची रीत. ऊसतोड झाल्यावर मांजराकाठच्या फडांत पाचटही असेच पेटते. कचरा गेला, रान मोकळे झाले, याचे समाधान वाटते. पण तो कचरा नाही. वर्षभराच्या कमाईतला तो जमिनीचा वाटा आहे.

ही कमाई येते कुठून? पीक माती खाऊन वाढते, असा आपला समज असतो. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या संशोधकाने हा समज तपासून पाहिला. सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून त्याने कुंडीत भरली, त्यात वाळुंजाचे रोप लावले आणि ५ वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे ७४ किलोंनी वाढले, माती मात्र ६० ग्रॅमही घटली नाही. झाड पाण्यापासूनच बनले, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता. उरलेले अर्धे उत्तर हवेत होते.

हिरवे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांकडून आलेले पाणी उन्हाच्या बळावर जोडते आणि साखर तयार करते. त्या साखरेपासूनच दाणा, काडी, मूळ सगळे घडते. वाळलेल्या काडीत वजनाच्या सुमारे ४० टक्के कार्बन असतो आणि तो हवेतून आलेला असतो. शेतावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम एखादा टक्का असा साठतो. तेवढ्यावरच आपण, आपली जनावरे आणि मातीतले असंख्य जीव जगतात.

पूर्वी या कमाईची वाटणी ठरलेली होती. ज्वारीचा दाणा माणसाला, कडबा बैलाला, शेण उकिरड्यावर आणि तिथून पुन्हा शेतात. मग ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. ज्यांनी हा बदल केला त्यांना दोष देता येत नाही, कारण हिशेब पोटाचा होता. पण त्यात जमिनीचा वाटा तेवढा गळाला. आपली जमीन काळी दिसते म्हणून ती कसदार, असे मानू नका. हा काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय पदार्थ असल्याची खूण नव्हे. मृदा आरोग्य पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ अशी एक ओळ असते. पुष्कळ शेतांच्या पत्रिकेवर तिथे अर्ध्या टक्क्याहूनही कमी आकडा असतो.

उसाचे पाचट हेक्टरी ८ ते १० टन निघते. त्यात ३ टनांहून अधिक कार्बन आणि सुमारे ४० किलो नत्र असते, म्हणजे युरियाच्या जवळपास दोन गोण्या. ‘राखही खतच की’, असे काही जण म्हणतात. राखेत पालाश उरते हे खरे, पण नत्र जवळजवळ सगळे उडून जाते. शिवाय धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. वस्तीवरच्या दमेकऱ्याला आणि तान्ह्या बाळाला त्याचा त्रास आधी होतो.

काडी मातीत गाडली म्हणजे सगळा कार्बन तिथेच राहतो, असेही नाही. त्यातला बराचसा जिवाणू खातात आणि तो पुन्हा हवेत जातो. मात्र तो खाताखाताच ते पिकाला अन्नद्रव्ये मोकळी करून देतात आणि मातीचे कण बांधतात. मग पाऊस वाहून न जाता मुरतो. वर पसरलेले पाचट उन्हाला अडवून ओल टिकवते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला ओलाव्याची किंमत वेगळी सांगायला नको.

अडचणीही खऱ्या आहेत. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही आणि पेरणीची घाई असते. कच्ची काडी गाडली की जिवाणू सुरुवातीला मातीतलेच नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. त्यामुळे काडीची कुट्टी करून, थोडा युरिया किंवा शेण घालून, पेरणीच्या बऱ्याच आधी ती कुजवावी लागते. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला ‘जाळू नका’ एवढेच सांगणे हा कोरडा उपदेश झाला. म्हणून दंडापेक्षा यंत्र द्यावे, असे माझे मत आहे. कारखान्यांनी उसाच्या तोडणीसोबत पाचट कुट्टीचीही सोय करावी. ग्रामपंचायतीने गावासाठी एक कुट्टी यंत्र माफक भाड्याने ठेवावे.

तोवर शेतकऱ्याने एवढे तरी करून पाहावे. यंदा एका एकरातली काडी न जाळता कुजवावी आणि तीन वर्षांनी त्या एकराची पत्रिका शेजारच्या एकराशी ताडून पाहावी. बैलाचा घास मोडू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. जमिनीचाही मोडू नये.